माहेरचा डोंगर आणि भाच्याची सायकल

धुळ्याचं माहेर आणि जळगावचं सासर असलेल्या बाईनं प्रवासावर लिहायचं म्हणजे लिहायचं तरी काय? आमचा प्रवास जेमतेम नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा. जळगाव सोडलं की बांभोरीला गिरणेचा पूल, पुढे टेकडीवर विद्यापीठ (२०१८ पासून त्याला आपल्या बहिणाबाईंचं नाव आहे, हे मी दर खेपेला मुलांना सांगते आणि मुलं दर खेपेला "माहीत आहे गं आई" म्हणतात), मग एरंडोल, मग पारोळा, आणि फागणं दिसलं की पर्समधला कंगवा बाहेर काढायचा. माहेर आलं! पूर्वीचा सहा नंबरचा हायवे आता त्रेपन्न नंबरचा झाला आणि रुंद झाला, एवढाच काय तो माझ्या लग्नानंतरचा बदल.

यंदाच्या जानेवारीत मात्र मी याच रस्त्यानं गेले ती गाडीच्या टपावर सायकल बांधून. डोंगरातल्या सायकलींच्या शर्यतीत भाग घ्यायला. हो, मीच! सदतीस वर्षांची, दोन मुलांची आई, सकाळच्या शाळेत अर्धा वेळ इतिहास शिकवणारी. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, आमच्या घरी सगळ्यांचं पोटभर हसून झालेलं आहे.

शर्यत होती लळिंगला. ज्यांनी धुळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिककडून येताना धुळं नऊ-दहा किलोमीटर उरलं की रस्त्याच्या अगदी कडेला एक डोंगर उभा राहतो. वर किल्ला, पायथ्याशी गाव, गावाजवळ जुनं हेमाडपंती देऊळ, आणि आजूबाजूला पसरलेलं लळिंगचं कुरण. मुलींना हा किल्ला शिकवताना मला विशेष उमाळा येतो. खानदेशात फारुकी घराणं आलं तेव्हा मलिक राजानं थाळनेर एका मुलाला दिलं आणि लळिंग दुसऱ्याला. तो दुसरा नासिरखान. पुढे त्यानं असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, आणि लळिंग मागं पडलं ते पडलंच. जवळच लांडोर बंगला आहे. १९३७ साली ३१ जुलैला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा या बंगल्यात उतरले होते. अजूनही दर वर्षी त्या दिवशी तिथं माणसांचा पूर लोटतो.

एवढं सगळं मला पुस्तकातून ठाऊक. डोंगर मात्र लहानपणापासून लांबूनच पाहिलेला. दादा आणि त्याचे मित्र रविवारी सायकली काढून लळिंगला जायचे, बोरं आणि करवंदं आणायचे, आणि आम्ही बहिणी दारात उभ्या राहून ती वाटून घ्यायचो. मला दहावीला लेडीज सायकल मिळाली होती. ती शाळेपर्यंत, मग कॉलेजपर्यंत आणि परत. आग्रा रोड ओलांडून पलीकडे जायचं नाही हा नियम. लग्न ठरलं त्या आठवड्यात ती सायकल मावसबहिणीकडे गेली. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, मलाही नाही. सासरी सायकल कोण नेतं?

आता ही डोंगरातली शर्यत म्हणजे काय प्रकरण, ते समजून घेऊ. सायकल शर्यत म्हटलं की आपल्याला मुंबई-पुणे आठवते, खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढणारा तो 'घाटाचा राजा'. ती डांबरी रस्त्यावरची. हिच्यात रस्ता नसतोच. माळ, नाला, मुरमाचा चढ, गोट्यांचा उतार, शेताचा बांध, असं जे समोर येईल त्यावरून जायचं. सायकलही वेगळी. टायर जाड आणि खवल्यांचे, हँडल रुंद, पुढच्या चाकाला धक्के झेलणारा काटा, आणि गिअर भरपूर. हा खेळ काही फार जुना नाही. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरात काही हौशी पोरं जुन्यापान्या जड सायकली घेऊन उतारावरून सुसाट खाली यायची. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी त्याची रीतसर शर्यत लावली. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. खाली येईपर्यंत ते इतके तापत की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि दर वेळी तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', पुन्हा भरा! कढईतलं तेल जळल्यावर आपण कपाळाला हात लावतो, आणि या लोकांनी त्याचं नाव शर्यतीला दिलं.

मला यातली आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. रस्त्यावरची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १८९६ पासून होती. बायकांसाठी कधी आली? १९८४ साली! अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. डोंगरातली शर्यत १९९६ साली अटलांटाला पहिल्यांदा आली, आणि पहिल्याच वर्षी पुरुषांची आणि बायकांची दोन्ही होती. आणि हे फक्त परदेशातलं कौतुक नाही बरं का. आपल्या संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राकडून पदकं मिळवत आली आहे. संगमनेर म्हणजे काही शिमला-मनाली नव्हे. तिथलाही डोंगर आपल्यासारखाच, उघडा आणि काटेरी.

माझं म्हणाल तर सुरुवात अगदी घरगुती कारणानं झाली. शाळा चार किलोमीटरवर. स्कूटी यांना लागते. रिक्षाचा महिन्याचा खर्च वहीत लिहिताना दर वेळी हात थांबायचा. त्याच सुमारास भाचा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची एकवीस गिअरची सायकल धुळ्याला जिन्याखाली धूळ खात पडली. दिवाळीला गेले तेव्हा दादाला म्हटलं, "मी नेऊ?" तो म्हणाला, "ने की. पण तुला झेपेल का?" मी नेली. गेल्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीची ही गोष्ट.

आधी शाळा, मग रविवारी पहाटे मेहरूण तलाव. तलावाभोवती फिरायला येणारी जळगावची निम्मी मंडळी ओळखीची. "काय मॅडम, वजन कमी करताय का?" असं विचारणारे रोज भेटत. सासूबाईंनी एकदाच मत दिलं, "काय हवं ते कर बाई, पण आधी दूध तापवून जा." मी दूध तापवून जाते. खानदेशात सायकल चालवायची तर ती पहाटेच. मार्चनंतर आठ वाजले की उन्हाचा चटका बसतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा पहाटे चारला ऊठ, पाचला निघ, सातला घरी येऊन डबे कर. शिरसोलीकडच्या रस्त्याला कच्च्या वाटा लागतात. त्या वाटांवर मला कळलं की या सायकलीला डांबरावर चालवणं म्हणजे बैलाला गालिच्यावर चालवणं. मुरमावर गेली की तिला कंठ फुटतो.

तलावावर भेटणाऱ्या एका ताईंनी नोव्हेंबरात सांगितलं की धुळ्यातली सायकलवेडी मंडळी लळिंगच्या पायथ्याला छोटीशी शर्यत भरवणार आहेत, नवशिक्यांचाही गट आहे, बायकांचाही आहे. प्रवेश फी पाचशे रुपये. लळिंग हा शब्द ऐकला आणि मी नाव दिलं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "पडलीस तर?" मी म्हटलं, "उठेन." मुलगा म्हणाला, "आई शेवटून पहिली." मुलीनं काहीच न म्हणता माझं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात पाहिलं. इथवर सगळं सोपं होतं. अवघड होता धुळ्याचा फोन.

आई ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "सायकल चालव की. कोण नाही म्हणतं? पण धुळ्यात नको गं. जळगावला काय ते कर."

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या पुष्कळजणींना याचा अर्थ मी सांगायला नको. सासरच्या गावाला आपण सून असतो, पण माहेरच्या गावाला आपण आईची मुलगी असतो. आपण काही केलं की त्याचा जाब तिला द्यावा लागतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आईचा दिवस जातो तो गल्लीतल्या बायकांत, भजनी मंडळात, देवळात. "इथं मला चौघींत बसायचं असतं," ती म्हणाली. "अमक्या मास्तरांची लेक, दोन पोरांची आई, विजार घालून डोंगरात उड्या मारते, हे मी कुणाकुणाला सांगत बसू?" मी म्हटलं, "सांगू नकोस." ती म्हणाली, "मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगेल. ते जास्त वाईट." मला उत्तर सुचलं नाही. तिचं चूक आहे असं अजूनही म्हणवत नाही. फोन ठेवला, आणि नाव मागं घेतलं नाही.

आता जरा तयारीचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मला हे सांगणारं कुणी नव्हतं आणि पुरुष मंडळींना विचारायची सोय नव्हती. सलवार चेनमध्ये अडकते, तेव्हा पायाला घट्ट बसणारी ट्रॅक पँट हवी. आत सायकलची गादीवाली चड्डी घालायची, आणि तिच्या आत दुसरं काही नाही, नाहीतर शिवण घासून जखमा होतात. ओढणी घरी. वेणी मानेपाशी खाली बांधायची, अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही. मंगळसूत्राचा प्रश्न मोठा! लांब मंगळसूत्र गोट्यांवरून जाताना हनुवटीवर आपटतं. मी आखूड घातलं आणि आतून सेफ्टी पिन लावली. काचेच्या बांगड्यांवर हातमोजे चढत नाहीत. तेव्हा बांगड्या काढून एकेक धातूचं कडं ठेवलं. दिवस संक्रांतीनंतरचे, हळदीकुंकवाचे, आणि आई "रिकामे हात?" म्हणणार हे मला जळगावातच ऐकू आलं होतं.

खाण्याचं म्हणाल तर आदल्या रात्री माहेरी भरताचा बेत असतो हे गृहीतच धरा. जानेवारीत खानदेशात दुसरं काय असणार! पांढरी-हिरवी मोठी वांगी तुराट्यांवर भाजलेली, मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेलाची धार आणि कळण्याची भाकरी. मी मन घट्ट करून मुगाची खिचडी खाल्ली. वहिनीनं भरताचा डबा झाकून ठेवला, "उद्या खा," म्हणाली. पहाटे साडेपाचला एक गूळ-तूप पोळी आणि दोन केळी. केळ्यासारखं सायकलवाल्याचं दुसरं अन्न नाही आणि जळगावच्या केळ्यासारखं दुसरं केळं नाही, हे मी पक्षपातानं बोलते असं समजा हवं तर. २०१६ साली आपल्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही. बाटलीत लिंबू-साखर-मीठ.

आई पहाटे उठली होती. चहा दिला, माझ्या हातांकडे पाहिलं, बोलली नाही.

लळिंगला पोचलो तेव्हा सात वाजत होते. हे, दादा आणि वहिनी सोबत. थंडी मी म्हणत होती. कुरणातलं गवत वाळून सोनेरी झालेलं, त्यावर दव, आणि वर किल्ल्याच्या तटावर पहिलं ऊन. एवढ्या जवळून हा डोंगर मी पहिल्यांदा पाहत होते. दुरून निळा दिसतो, जवळ गेल्यावर तपकिरी. अंजन, खैर, बाभूळ, निवडुंग. दूर कुठंतरी मोर ओरडला.

आम्ही बायका सातजणी. त्यातल्या पाच शाळा-कॉलेजातल्या, एक शिरपूरची बँकेतली बाई, आणि मी. सहा किलोमीटरची एक फेरी, अशा दोन फेऱ्या. नियम एकच जाचक. पहिली फेरी पंचेचाळीस मिनिटांत पुरी केली नाही तर दुसऱ्या फेरीला सोडणार नाहीत. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीतही असं असतं, सगळ्यांत पुढच्या खेळाडूच्या फार मागं पडलात की तुम्हाला बाजूला घेतात. मी मनात ठरवलं होतं, शेवटची आले तरी चालेल, पण कुणी हात आडवा करून "ताई, पुरे" म्हणायला नको.

शिटी वाजली. पहिला किलोमीटर गाडरस्त्याचा. पोरी भुर्रकन गेल्या. मी मागं धावले नाही. चढाच्या आधीच धाप लागली तर चढ तुमचा नसतो, हे शिरसोलीच्या वाटेनं शिकवलं होतं. गिअरचं गणित आपल्या स्वयंपाकघरासारखंच आहे. पाट्यावर चटणी वाटताना एकदम सगळं खोबरं टाकलं तर वरवंटा अडतो, थोडं थोडं टाकलं तर सरकत राहतो. पुढची चकती लहान आणि मागची मोठी केली की पाय पुष्कळदा फिरतात, पण दर वेळी भार थोडा. आणि हे चढ लागायच्या आधी करायचं. चढावर जोर लावताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते.

मग नाला. कोरडा, नारळाएवढ्या गोट्यांनी भरलेला. इथं बसून चालवायचं नसतं. पायडलवर उभं राहायचं, गुडघे-कोपरं सैल, आणि नजर ज्या दगडाला चुकवायचं त्याच्यावर नाही तर त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर. हा नियम विचित्र पण खरा आहे, जिकडे बघाल तिकडेच चाक जातं. नाला पार केला आणि शेवटच्या गोट्यावर आपटून चेन उतरली. हातमोजे काढले, चेन चढवली, हात काळे. या झटापटीत तीनेक मिनिटं गेली असतील, पण त्या तीन मिनिटांत माझ्या कानात दुसरं काहीच नव्हतं, फक्त घड्याळ.

त्यानंतर मुरमाचा चढ. तो काही मी चालवत चढले नाही, अर्धा चढले आणि अर्धा सायकल ढकलत गेले. पुढची बँकवाली बाईही ढकलतच होती. एकमेकींकडे बघून आम्ही हसलो, बोलायला दम नव्हता. वर सपाटीवर आल्यावर मात्र मी थांबले असते, इतकं ते दृश्य होतं. उत्तरेला पांझरेकाठी पसरलेलं अख्खं धुळं. आमची गल्ली कुठली, शाळा कुठली, काही ओळखू येईना. ज्या गावाचा मला एवढा धाक ते तळहाताएवढं. पण थांबायला वेळ कुठं होता!

उतार हा या खेळातला भीतीचा भाग. सीट थोडी खाली केलेली होती. अंग मागं, दोन्ही ब्रेक मिळून आणि हलके हलके. नुसता पुढचा दाबला तर सायकल तुम्हाला डोक्यावरून फेकते, नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. माझी बोटं दुखेपर्यंत ब्रेकवर होती. बाभळीच्या एका फांदीनं डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा ओढल्या. खाली हरभऱ्याच्या आणि दादरच्या शेतांमधला बांध, आणि समोर झेंडा.

त्रेचाळीस मिनिटं! झेंड्याजवळच्या पोरानं हात हलवला, "जा ताई, जा!" वहिनी ओरडली. मी तिला आवाज चढवताना चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या फेरीत आजूबाजूला कुणी नव्हतं. ही फेरी मला जास्त आठवते. चढाच्या पायथ्याशी एक म्हातारी बकऱ्या घेऊन बसली होती. पहिल्या फेरीत तिनं नुसतं पाहिलं होतं. आता ती उठून वाटेत आली आणि अहिराणीत म्हणाली, "कोनी पोर शे वं तू?"

कुणाची मुलगी आहेस तू? सासरचं नाव तोंडावर आलं होतं. सवयीनं तेच येतं. पण तिनं विचारलं होतं कुणाची पोर. मी बाबांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. तिला ते नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिनं मान डोलावली, जशी काही फार मोठी ओळख पटली. "दम धर. पानी पी ले, मंग जाय," म्हणाली. मी माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायले आणि चढाला लागले. या खेपेला आधीच्यापेक्षा बरंच वरपर्यंत चालवत गेले.

एक तास एकतीस मिनिटं. सातजणींत सहावी. सातवी पोरगी पहिल्या फेरीनंतर गुडघा खरचटल्यानं थांबली होती, तेव्हा आमच्या चिरंजीवांचं भाकीत जवळजवळ खरंच झालं म्हणायचं. पहिली आली ती नंदुरबारकडची नववीतली मुलगी, बावन्न मिनिटांत, आणि तिची सायकल माझ्या सायकलीपेक्षाही जुनी. मी विचारलं, "कसा गं सराव करतेस?" ती म्हणाली, "शाळेतच जाते ना रोज." सातपुड्यातल्या वाटेवरून. घ्या!

सायकल धुतली तेव्हा दोन्ही टायरांतून मिळून अकरा काटे निघाले. तरी हवा गेली नव्हती, कारण दादानं ट्यूबमध्ये भोक आपोआप बुजवणारं द्रावण भरून ठेवलं होतं. बाभळीच्या मुलखात हे हवंच. आणि हवा भरायची ती पस्तीस पौंडांपर्यंत. डांबरावर टणक टायर बरा, गोट्यांवर जरासा मऊ.

दुपारी भरीत खाल्लं. दोनदा घेतलं. आईनं वाढताना विचारलं, "पडली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. एवढंच.

संध्याकाळी वहिनीचं हळदीकुंकू होतं. मी साडी नेसून, बांगड्या भरून अत्तरदाणी घेऊन उभी. आई माजघराच्या दाराशी पाटावर बसली होती. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला पुढच्या खोलीत येत नाही. आम्ही आग्रह करून थकलो. बायका येत होत्या, वाण घेत होत्या. अत्तर लावायला हात पुढे केला की प्रत्येकीची नजर त्या तीन लाल रेघांवर जायची. भजनी मंडळातल्या एका काकूंनी विचारलंच, "हे काय गं? मांजर का?"

मी काही बोलायच्या आत माजघराच्या दारातून आवाज आला, "मांजर नाही. लळिंगला सायकलची शर्यत होती. बारा किलोमीटर. डोंगरातली."

खोलीत क्षणभर शांतता. मग काकू म्हणाल्या, "अगंबाई! आणि कितवा नंबर?" आई म्हणाली, "सहावा." सातांतली सहावी हे तिनं सांगितलं नाही, आणि मीही नाही. मग शर्यत बाजूला राहिली आणि लळिंगला कोण कधी गेलं होतं यावर गप्पा सुरू झाल्या. निम्म्या बायका धुळ्यात जन्मलेल्या, आणि किल्ल्यावर गेलेल्या निघाल्या दोनच. त्याही लग्नाआधी शाळेच्या सहलीतून.

तेव्हा, तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर थोडी माहिती. शर्यतीची गरज नाही, सायकलचीही नाही. धुळ्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस.टी. लळिंगवरून जातात. रिक्षाही मिळतात, येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवून घ्या. पावसाळ्यात कुरण हिरवंगार असतं, पण पायवाट निसरडी. नोव्हेंबर ते जानेवारीचा शेवट हे दिवस सर्वांत चांगले. सकाळी लवकर चढा, वाटेत सावली जवळजवळ नाही. वर पाण्याची जुनी टाकी आहेत, पण ते पाणी पिऊ नका, खालूनच माणशी दोन लिटर न्या. पायात चप्पल नको, मुरमावर पाय घसरतो. एकटीनं जाऊ नका, दोघी-चौघींनी जा. आणि बकऱ्या घेऊन बसलेल्या आजीबाई भेटल्या तर त्या पहिला प्रश्न काय विचारतील ते आता तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर आधीच ठरवून ठेवा.